चार्जिंग स्टेशन चालवणाऱ्यांना खुले पत्र : तुमच्या यादीत ‘इतर’ एवढा एक शब्द घाला

प्रति,
विदर्भात सार्वजनिक चार्जिंग स्टेशन उभारणाऱ्या व चालवणाऱ्या सर्व कंपन्या,
तसेच महावितरणचे संबंधित अधिकारी

सप्रेम नमस्कार.

गेल्या हंगामात कापसाचा दुसरा वेचा सुरू असताना मी माझी गाडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवली, चारही बाजूंनी दोरखंडाने आवळली आणि नागपूर-तुळजापूर महामार्गावरच्या एका चार्जिंग स्टेशनवर नेली. चालवत नेली असती तर अर्ध्या-पाऊण तासात पोचलो असतो. पण तिची नोंदणी झालेली नाही, आणि नोंदणी नसलेली गाडी डांबरी रस्त्यावर काढायची नाही हे मी पहिल्या दिवसापासून ठरवलं आहे. ट्रॉलीतून उतरवली, चार्जिंगची गन हातात घेतली, तर तिथल्या पोराने मोबाइलमधलं अ‍ॅप पुढे केलं. “भाऊ, पहिले गाडीचं मॉडेल निवडा लागते.” मी यादी वरून खालपर्यंत पाहिली. मोठमोठ्या कंपन्यांच्या गाड्या होत्या, त्यांच्या एकेका मॉडेलचे तीन-तीन प्रकार होते. माझी नव्हती. ती मी आणि माझ्या भाचीने घरी बनवली आहे, तिला नाव नाही.

तेवढ्यावरून परत यावं लागलं. हे पत्र त्यासाठी आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यात राहतो. पाच एकर वावर आहे, पण घर चालतं ते मोटार वाइंडिंगवर. जळालेली सबमर्सिबल, थ्रेशरची मोटार, चक्कीची मोटार, सगळं माझ्याकडे येतं. सव्वीस वर्षं तांब्याच्या तारा गुंडाळतो आहे. भाची पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकल शिकते आणि सुटीत माझ्या दुकानात बसते. तिच्याच डोक्यातून ही गाडी निघाली. भंगारात आलेल्या व्हॅनचा मागचा एक्सल, चौकोनी पाइप वेल्ड करून केलेली चेसिस, मागे चार क्विंटल माल मावेल एवढा टिनाचा डाला. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, ३.२ व्होल्टचे शंभर अँपिअर-अवरचे चोवीस सेल एकापुढे एक जोडलेले. म्हणजे ७६.८ व्होल्ट आणि साधारण साडेसात युनिट वीज. आमच्या वावरात भरल्या डाल्याने फेऱ्या मारून मोजलं, तर एका चार्जवर साठ किलोमीटर पडतात.

बंडीचे बैल विकले गेले, भाड्याचा टेम्पो वेळेवर मिळत नाही, आणि डिझेलचा हिशेब प्रत्येक कास्तकार तोंडपाठ सांगतो. तेव्हा अशी गाडी कशाला, हे आमच्या भागात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. समजावून सांगावं लागतं ते हे, की तिला घरी चार्ज करता येत असताना सार्वजनिक स्टेशन कशाला हवं.

घरच्या विजेचं सांगतो. आमच्या वस्तीला सिंगल फेज येते. संध्याकाळी सगळ्यांचे दिवे, पंखे, टीव्ही सुरू झाले की व्होल्टेज १७०-१८० वर येतं. चार्जर अर्ध्या ताकदीने चालतो, तापतो, कधी बंदच पडतो. वावरात पंपासाठी थ्री फेज आहे, ती आठ तास, कधी दिवसा, कधी रात्री. पण कृषी पंपाच्या कनेक्शनवर गाडी लावणं नियमात बसत नाही, म्हणून मी लावत नाही. तुमच्या स्टेशनला मात्र स्वतःची डीपी असते, पक्कं अर्थिंग असतं, गळती झाली की लाइन तोडणारं यंत्र असतं. घरी बनवलेल्या गाडीला चार्ज करण्यासाठी गावात यापेक्षा सुरक्षित जागा नाही. तुम्हाला वाटतं आमची गाडी तुमच्या स्टेशनला धोका आहे. मला वाटतं, तुमचं स्टेशन नाही म्हटल्यावर हीच गाडी कोणीतरी गोठ्यातल्या ढिल्या सॉकेटला रात्रभर लावून ठेवेल, खरा धोका तिथे आहे.

आता गाडी तुमच्या गनला जोडण्यासाठी आम्ही काय केलं ते सविस्तर लिहितो. एक तर तुमच्या इंजिनिअरांनी तपासावं म्हणून, आणि दुसरं, आमच्यासारखं काम करणारे आणखी कोणी हे वाचत असतील तर त्यांचे पैसे वाचावेत म्हणून.

घरच्या तीन पिनच्या सॉकेटचं बटण दाबलं की पिनेत वीज येते, समोर काय आहे ते सॉकेट पाहत नाही. टाइप २ च्या, म्हणजे गाड्यांच्या एसी चार्जिंगसाठीच्या गनचं तसं नाही. ती हातात धरली तरी तिच्या मोठ्या पिना मेलेल्या असतात. तिच्यात सात पिना. तीन फेजच्या, एक न्यूट्रल, एक अर्थ, आणि वरच्या बाजूला दोन बारीक. या दोन बारकांवर सगळा खेळ आहे. एकीला कंट्रोल पायलट म्हणतात. स्टेशन तिच्यावर बारा व्होल्ट ठेवून वाट पाहतं. गाडीने आपल्या बाजूला एक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा) आणि त्याच्यामागे २७४० ओहमचा रेझिस्टर अर्थला जोडलेला असतो. गन बसली की त्या रेझिस्टरमुळे बारा व्होल्टचे नऊ होतात. स्टेशनला कळतं, गाडी आली. मग ते त्या तारेवर सेकंदाला हजार वेळा चालू-बंद होणारा सिग्नल सोडतं. त्या सिग्नलमध्ये चालूचा भाग किती, यावरून गाडीला कळतं की किती अँपिअर ओढायची मुभा आहे. टक्क्याला ०.६ ने गुणायचं. २६.७ टक्के म्हणजे सोळा अँपिअर, ५३.३ टक्के म्हणजे बत्तीस. गाडी तयार असली की ती १३०० ओहमचा दुसरा रेझिस्टर समांतर जोडते, नऊचे सहा व्होल्ट होतात, आणि तेव्हा कुठे स्टेशनमधला कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेवर चालणारा मोठा स्विच, बसतो आणि मोठ्या पिनांत वीज येते. दुसरी बारीक पिन केबल किती अँपिअरची आहे ते सांगते. २२० ओहम दिसले तर बत्तीस अँपिअरची केबल.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी भाचीला म्हटलं, हे तर आपल्या मोटारीच्या डीओएल स्टार्टरसारखंच आहे. होल्डिंग कॉइलला जोवर खरा सिग्नल मिळत नाही तोवर मेन कॉन्टॅक्ट लागत नाही. मोटार वाइंडिंग करणाऱ्या माणसाला यात परकं काही नाही. दोन रेझिस्टर, एक डायोड, एक छोटा रिले आणि तो सिग्नल मोजणारं एक छोटं सर्किट. महाग पडला तो फक्त गाडीवर बसवायचा टाइप २ चा इनलेट.

आम्ही चुकाही केल्या. पहिल्या वेळी मी डायोड टाकलाच नाही. मला वाटलं व्होल्टेज बरोबर येतंय, मग कशाला. भाचीने लॅपटॉपवर आकृती काढून दाखवली. “मामा, सिग्नल खाली उणे बारापर्यंत जाते. डायोड नसला तर खालची बाजूही दबते. मग स्टेशनले वाटते का इथं गाडी नाई, वल्ली तार लागली हाय.” म्हणजे तो एवढासा डायोड ही गाडी असल्याची खूण आहे. ओल्या हाताने कोणी पिना धरल्या किंवा पावसाचं पाणी गेलं तर चुकून वीज सुरू होऊ नये, म्हणून ही सोय. ज्यांनी हे प्रमाण (स्टँडर्ड) लिहिलं त्यांच्याबद्दल मला त्या दिवशी फार आदर वाटला.

दुसरी चूक जास्त वाईट होती. बॅटरी भरली की आमचं बीएमएस, म्हणजे सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट, धाडकन लाइन तोडायचं. चौदा अँपिअर वाहत असताना कॉन्टॅक्टर उघडला की ठिणगी पडते, कॉन्टॅक्ट जळतात. आमच्या बाजूचे जळाले तर आमचं नुकसान, पण हेच तुमच्या स्टेशनच्या कॉन्टॅक्टरवर आलं असतं तर तुमचं नुकसान माझ्यामुळे झालं असतं. आता क्रम बदलला आहे. आधी चार्जर हळूहळू करंट शून्यावर आणतो, मग १३०० ओहमचा रेझिस्टर सुटतो, सहाचे परत नऊ व्होल्ट होतात, आणि स्टेशन रिकाम्या लाइनवर आपला कॉन्टॅक्टर सोडतं. गन अचानक कोणी ओढली तरी पायलटची पिन आखूड असल्यामुळे ती आधी सुटते आणि अर्थची सगळ्यांत शेवटी. ही रचना तुमच्या गनमध्येच आहे, आम्ही फक्त तिचा मान राखला. शिवाय गन लागलेली असताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी गाडी हलत नाही, असा इंटरलॉक टाकला आहे. चेसिस अर्थला जोडलेली आहे, बॅटरी चेसिसपासून पूर्ण वेगळी आहे, आणि ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) दर महिन्याला तपासतो. वहीत तारखेसह आकडे लिहिलेले आहेत.

एवढं करूनही चालेल की नाही याची खात्री कुठे करायची? स्टेशनवर जाऊन नाही. यवतमाळच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी इलेक्ट्रिक कार घेतली आहे, त्यांच्या घराच्या पोर्चमध्ये कंपनीने बसवून दिलेला ७.४ किलोवॅटचा टाइप २ चार्जर आहे. त्यांनी मोठ्या मनाने हो म्हटलं. गाडी पुन्हा ट्रॉलीत. भाची मीटर धरून बसली, मी गन लावली. नऊ व्होल्ट. दोन सेकंद काहीच झालं नाही. मग सहा. आणि भिंतीवरच्या डब्यातून ‘टक’ असा आवाज आला. कॉन्टॅक्टर बसल्याचा आवाज मी आयुष्यात हजारो वेळा ऐकला असेल, पण त्या दिवशी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. क्लॅम्प मीटरने १४.२ अँपिअर दाखवले. पावणेतीन तासांत बॅटरी भरली, इनलेट हाताला कोमट लागला, गळतीचा ब्रेकर एकदाही पडला नाही.

त्याच्यानंतर पंधरा दिवसांनी मी महामार्गावरच्या तुमच्यापैकी एकाच्या स्टेशनवर गेलो. तेच प्रमाण, तीच गन, तेवढेच व्होल्ट. आणि यादीपाशी अडलो.

हेल्पलाइनला फोन केला. पहिल्या ताईंनी सांगितलं, यादीतली कोणतीही गाडी निवडा, चार्जिंग सुरू होईल. दुसऱ्यांदा लावला तेव्हा एका दादांनी सांगितलं, यादीत नसलेल्या वाहनाला परवानगी नाही. मी पहिला मार्ग घेतला नाही. दुसऱ्या कंपनीच्या गाडीचं नाव टाकून वीज घेणं मला पटलं नाही. उद्या काही झालं तर त्या गाडीच्या नावावर ते लागेल, आणि माझं काम चोरून केल्यासारखं होईल. मी चोरी केलेली नाही.

माझी तुमच्या तांत्रिक लोकांना विनंती आहे की त्यांनी हा प्रश्न स्वतःला विचारावा. टाइप २ च्या एसी चार्जिंगमध्ये वर सांगितलेल्या बोलण्यात गाडीचं मॉडेल कुठे येतं? कुठेच येत नाही. स्टेशन विचारतं, तू गाडी आहेस का, तयार आहेस का. गाडी सांगते, आहे. स्टेशन सांगतं, एवढ्याच्या वर ओढू नको. यापलीकडे दोघांत शब्द नाही. पैसे युनिटवर लागतात, मॉडेलवर नाही. म्हणजे वीज देण्यासाठी त्या यादीची गरज नाही, यादी अ‍ॅपमध्ये कोणीतरी आपल्या सोयीसाठी घातलेली आहे. तिच्या शेवटी ‘इतर’ एवढा शब्द घालायला किती खर्च येईल? खाली दोन ओळींचं हमीपत्र घाला की माझी गाडी प्रमाणाप्रमाणे आहे, तिची जबाबदारी माझी. मी आनंदाने अंगठा देईन.

डीसीच्या फास्ट गनचं मला कळतं, तिथे मी हट्ट करत नाही. सीसीएस २ मध्ये त्याच पायलटच्या तारेवर पाच टक्क्यांचा सिग्नल येतो, म्हणजे ‘आता कॉम्प्युटरच्या भाषेत बोल’. बॅटरीचे व्होल्ट, तिला किती हवेत, किती भरली, सगळं दोघं बोलून ठरवतात. आणि ती गन दीड-दोनशे व्होल्टच्या खाली सहसा उतरतच नाही. आमची ७६ व्होल्टची गाडी तिथे बसणार नाही.

पण ७२ व्होल्टच्या गाड्यांसाठी आपल्याच देशाने एक गन ठरवली होती, हे विसरलं जातंय. भारत डीसी-००१. ४८ आणि ७२ व्होल्टच्या गाड्यांना चालणारी, दोनशे अँपिअरपर्यंत, पंधरा किलोवॅट. तिच्याबरोबर भारत एसी-००१, एकाच खांबावर ३.३ किलोवॅटची तीन सॉकेट, गोल निळ्या औद्योगिक पिनांची, आमच्या जिनिंगमध्ये आणि वेल्डिंगच्या दुकानात असतात तशी. १४ डिसेंबर २०१८ ला केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने पहिले नियम काढले, तेव्हा प्रत्येक सार्वजनिक स्टेशनवर पाच प्रकारच्या गन ठेवायला सांगितल्या होत्या, आणि त्यात या दोन्ही होत्या. १ ऑक्टोबर २०१९ च्या सुधारित नियमांनी ही सक्ती काढली आणि काय बसवायचं ते स्टेशनवाल्यावर सोडलं. त्यामागचं कारण मला मान्य आहे. कोणी वापरत नाही अशी महागडी गन बसवून ठेवायला कोणाला परवडेल? पण मोकळीक मिळाल्यावर झालं असं, की मोठ्या कारच्या गन राहिल्या आणि हळू चार्ज होणारी साधी सॉकेट सगळ्यांत आधी गेली. जी सगळ्यांत स्वस्त होती तीच. मी पहिल्यांदा ज्या स्टेशनची पाहणी करायला गेलो, तिथे दोन उंच खांब होते आणि दोन्हींवर फक्त सीसीएस २. ई-रिक्षावाला आला तर? तीनचाकी मालवाहू आली तर? कारखान्यातून नोंदणीसह निघालेल्या त्या गाड्याही तिथून परतच जाणार.

भारतीय मानक ब्युरोने २०२३ मध्ये दुचाकी, तीनचाकी आणि छोट्या चारचाकींसाठी एसी आणि डीसी दोन्ही एकाच तोंडातून देणारा देशी कनेक्टर मंजूर केला आहे. आयएस १७०१७, भाग २, विभाग ७. तो कनेक्टर आमच्या तालुक्यातल्या एखाद्या स्टेशनवर दिसला, तर मी माझा इनलेट काढून तो बसवायला तयार आहे. पुढची गाडी त्याच्यावरच बनवायची असं आमचं ठरतंय. फक्त तो दिसला पाहिजे.

जागेबद्दलही बोलायचं आहे, कारण माझ्या मते शहरातला हिशेब गावाला लावला गेला आहे. महामार्गावर माणसाला घाई असते, त्याला वीस मिनिटांत निघायचं असतं, म्हणून मोठी गन लागते. आमचं तसं नाही. कापूस घेऊन जिनिंगवर गेलेला कास्तकार किती वेळ रांगेत उभा असतो ते तुम्ही नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये येऊन पाहा. सकाळी लावलेली गाडी दुपारी काट्यावर चढते. सीसीआयचं खरेदी केंद्र असो, बाजार समितीत सोयाबीनचा लिलाव असो, तहसीलचं काम असो की ग्रामीण रुग्णालयात भरती असलेल्या माणसाला डबा द्यायचा असो, आमच्या गाड्या तीन-चार तास एका जागी उभ्याच असतात. तीन तास म्हणजे ३.३ किलोवॅटच्या सॉकेटवर माझी पूर्ण बॅटरी. गावात फास्ट चार्जरची गरज कमी आणि साध्या सॉकेटची जास्त आहे. एका मोठ्या डीसी खांबाच्या पैशांत अशी कितीतरी सॉकेट लागतील, आणि त्यासाठी नवीन डीपीही बसवावी लागणार नाही. वर फक्त टिनाचं शेड घाला. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, त्या उन्हात उभी असलेली बॅटरी भरणं तिच्या आयुष्याला बरं नाही, आणि माणसालाही सावली लागते.

हे काम मोठ्या कंपनीनेच करावं असंही नाही. चार्जिंग स्टेशन चालवणं ही वीज विकणं नाही, ती सेवा आहे, त्याला वीजविक्रीचा परवाना लागत नाही, असं ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे. म्हणजे ग्रामपंचायत, सेवा सहकारी सोसायटी, बचत गट, कोणीही सॉकेट लावू शकतं. महावितरणच्या अधिकाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की असा अर्ज गावातून आला तर तो चार महिने टेबलावर ठेवू नका. वणीचा कोळसा आमच्या जिल्ह्यातून निघतो. चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे, कोराडी-खापरखेड्याची धुराडी वेगळी. राज्यभर जाणाऱ्या विजेची राख विदर्भाच्या अंगणात पडते. त्या विजेतले तीन किलोवॅट बाजार समितीच्या भिंतीवर मागतो आहे.

आता सुरक्षिततेचं. तुमची काळजी खोटी आहे असं मी म्हणणार नाही. बॅटरीला आग लागल्याच्या बातम्या मीही वाचल्या आहेत. घरी जोडलेली बॅटरी वाईटही असू शकते. मी स्वतः एकाची पाहिली आहे, सेलच्या पट्ट्या नुसत्या सोल्डरने चिकटवलेल्या आणि फ्यूज नावाला नाही. अशी गाडी तुमच्या शेडखाली उभी राहू नये, हे मलाही वाटतं. पण ती वाईट आहे हे तिला कंपनीचं नाव नाही म्हणून ठरत नाही. मेगर लावल्यावर ठरतं. अर्थची तार टोकापर्यंत पोचते का ते पाहिल्यावर, पायलटचे व्होल्ट मोजल्यावर, एक तास चार्ज करून जोड किती तापले त्यावर हात ठेवल्यावर, आणि एखादा सेल मुद्दाम वर नेल्यावर बीएमएस खरंच लाइन तोडतं का, यावरून ठरतं. ही तपासणी अर्ध्या दिवसाची आहे. तालुक्याच्या आयटीआयमध्ये वायरमन आणि इलेक्ट्रिशियनचे निदेशक आहेत, मीटर आहेत, मेगर आहे. महिन्यातून एक दिवस ठरवा. तुमचा एक इंजिनिअर येऊ द्या. जी गाडी पास होईल तिला चार्जिंगपुरता एक क्यूआर कोडचा बिल्ला द्या, वर्षभराचा. नापास होईल तिच्या मालकाला काय चुकलं ते सांगा. फी लावा, आम्ही भरू.

रस्त्यावर चालवण्याची परवानगी हा वेगळा प्रश्न आहे आणि तो तुमच्या हातात नाही, हे मला कळतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, जुन्या गाडीत इलेक्ट्रिक किट बसवण्यासाठीचं एआयएस-१२३, मान्यतेसाठी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेतल्या चाचण्या, हे सगळं हजारो गाड्या काढणाऱ्याला समोर ठेवून लिहिलेलं आहे. एकच गाडी बनवणाऱ्याने ते कसं पार करायचं? ब्रिटनमध्ये एकेकट्या हाताने बांधलेल्या गाडीची वेगळी तपासणी करून तिला रस्त्यावर येऊ देतात. त्यासाठी आम्ही परिवहन विभागाला वेगळं पत्र लिहिलं आहे. पण तुमच्याकडून चार्जिंगचा तपासणीचा कागद मिळाला, तर तिथे दाखवायला निदान एक पुरावा होईल. आज माझ्याकडे माझी वही आहे आणि दुसरं काही नाही.

वर्धा आमच्यापासून फार लांब नाही. भाचीला घेऊन मी मगन संग्रहालयात गेलो होतो. तिथले चरखे पाहताना तिला १९२९ ची गोष्ट सांगितली. गांधीजींच्या चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. त्या काळचे एक लाख. चरख्याने किती सूत काढावं, त्याची किंमत किती असावी, या अटी आधी छापून दिल्या होत्या. अट पूर्ण करा आणि बक्षीस घ्या. ती म्हणाली, “म्हणजे नापास झालं तरी काहून झालं थे समजत असंन.” मला तिचं ते वाक्य अजून आठवतं. स्टेशनवरून परत येताना ट्रॉलीत गाडीजवळ बसलेली ती काही बोलत नव्हती. कुठे चुकलो ते कळलं असतं तर तिने रात्री जागून दुरुस्त केलं असतं. चुकलेलं काही नव्हतं, आणि म्हणून तिला करण्यासारखंही काही उरलं नव्हतं.

तेव्हा माझं मागणं पुन्हा सांगतो, म्हणजे फाइलवर घ्यायला सोपं जाईल. एसी चार्जिंगच्या यादीत ‘इतर’ घाला. ग्रामीण भागातल्या प्रत्येक स्टेशनवर मोठ्या गनबरोबर निदान एक टाइप २ आणि एक ३.३ किलोवॅटचं साधं सॉकेट ठेवा. घरी बनवलेल्या गाड्यांसाठी तपासणीचा एक दिवस आणि एक कागद ठरवा. आणि हेल्पलाइनवर बसणाऱ्यांना एकच उत्तर द्यायला शिकवा, मग ते नकाराचं असलं तरी चालेल, फक्त कारणासह द्या.

गाडी दुकानामागच्या शेडमध्ये उभी आहे. मेगरच्या आकड्यांची वही, सर्किटचा कागद आणि प्रत्येक वायरचा हिशेब तयार आहे. तुमच्यापैकी कोणी तपासायला येत असेल तर मंगळवार सोडून कोणताही दिवस चालेल, मंगळवारी आमच्याकडे बाजार असतो आणि दुकानात गर्दी असते. आणि तुम्ही स्टेशनवर बोलावलंत, तर मी परत ट्रॉली जोडून येईन.

आपला,
मोटार वाइंडिंग करणारा एक कास्तकार
तालुका कळंब, जिल्हा यवतमाळ